कठीण पाणी : दिल्लीच्या घरातील प्रश्न, नगराचे उत्तर



लातूर, कोल्हापूर किंवा नाशिकहून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या तयारीसाठी दिल्लीत येणारा विद्यार्थी जुन्या राजेंद्र नगरात वा मुखर्जी नगरात भाड्याची खोली घेतो. त्या खोलीला कूपनलिकेचे पाणी येत असेल, तर या महानगराशी त्याची पहिली ओळख ग्रंथालयात होत नाही, न्हाणीघरात होते. साबण कितीही चोळला तरी फेस धरत नाही. उलट बादलीच्या कडेला करडा साका जमतो. आठवड्याभरात चहाच्या पातेल्याला पांढरे पूट चढते. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी तुरीची डाळ बोटचेपी होत नाही. महिन्याभरात कंगव्यात अडकलेले केस मोजणे सुरू होते आणि शेजारच्या खोलीतील जुना विद्यार्थी निर्णय देऊन मोकळा होतो : "इथले पाणीच वाईट."

हा निर्णय अर्धाच खरा आहे, आणि सार्वजनिक धोरणात अर्धसत्य महागात पडते. कठीण पाण्याचा उपद्रव डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याची भीती वाटते. पाण्यातील खरोखर घातक घटक मात्र बहुधा दिसत नाहीत, त्यांना वास नसतो, चवही नसते. दिसणाऱ्या उपद्रवाला घाबरून घेतलेला घरगुती निर्णय न दिसणाऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष करवतो आणि तहानलेल्या शहराचे पाणीही वाया घालवतो. नळाच्या तोंडावरील पांढऱ्या डागापासून सुरू होणारा हा विषय म्हणूनच रसायनशास्त्र, भूगोल, आरोग्य, कायदा आणि संघराज्यव्यवस्था या सर्वांना स्पर्श करतो.

कठीणपणा म्हणजे काय?

पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम या धातूंचे क्षार विरघळलेले असले की ते पाणी कठीण होते. शालेय पुस्तकांत याला दुष्फेन पाणी म्हणतात. खेड्यापाड्यांत 'जड पाणी' हा शब्द रूढ आहे. साबण हा मेदाम्लांचा सोडियम क्षार असतो. कठीण पाण्यात कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि न विरघळणारा कॅल्शियम साबण तयार होतो. बादलीच्या कडेचा करडा साका तो हाच. पाण्यातील सर्व कॅल्शियम व मॅग्नेशियम अशा रीतीने खर्ची पडेपर्यंत फेस येत नाही, म्हणजेच तेवढा साबण फुकट जातो. कृत्रिम अपमार्जकांचे कॅल्शियम क्षार पाण्यात विरघळतात, म्हणून कपडे धुण्याची पावडर कठीण पाण्यातही बऱ्यापैकी फेसाळते.

कठीणपणाचे दोन प्रकार परीक्षेच्या दृष्टीने व स्वयंपाकघराच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहेत. बायकार्बोनेटमुळे येणारा कठीणपणा अस्थायी असतो. पाणी उकळले की कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होऊन कर्बवायू निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, तळाशी बसते. सल्फेट व क्लोराईड यांच्यामुळे येणारा कठीणपणा उकळण्याने जात नाही. तो स्थायी होय. पातेल्यातील पांढरे पूट हे अस्थायी कठीणपणाचे लक्षण आहे. ज्या पाण्याने पूट धरत नाही तरी साबण फेसाळत नाही, ते बहुधा स्थायी कठीणपणाचे पाणी असते.

डाळीचे कोडेही याच रसायनात आहे. डाळीच्या पेशींना एकत्र धरून ठेवणाऱ्या पेक्टिनशी कॅल्शियमचा संयोग झाला की पेशी सुट्या होत नाहीत आणि डाळ मऊ पडत नाही. आमसूल किंवा चिंच डाळ शिजल्यावरच आमटीत घालावी, ही जुन्या गृहिणींची शिस्त याच जातीची आहे. कारण आंबटपणामुळेही डाळ शिजायला वेळ लागतो.

दिल्लीच्या भूमीचा स्वभाव

मुंबईहून दिल्लीस आलेल्या कुटुंबाला हा फरक सर्वाधिक जाणवतो. तानसा, वैतरणा, भातसा या जलाशयांत साठणारे मुंबईचे पाणी हे सह्याद्रीवर कोसळलेल्या मुसळधार पावसाचे असते. काळ्या पाषाणावरून ते झपाट्याने वाहते. क्षार विरघळवून घेण्यास त्याला अवधी मिळत नाही. दिल्लीचे भूजल याच्या उलट आहे. अरवलीच्या टोकाचा गारगोटी खडक वगळता दिल्लीचा बराचसा भाग नदीने आणलेल्या गाळाचा आहे. त्या जुन्या गाळात चुनखडीचे गोळे जागोजागी सापडतात. उत्तरेत त्यांना 'कंकर' म्हणतात. वर्षाचा बहुतेक पाऊस अडीच-तीन महिन्यांत पडतो आणि उरलेला काळ कोरडा जातो. जमिनीत मुरलेले पाणी या चुनखडीच्या सहवासात दीर्घकाळ राहते आणि कठीण होते. नैर्ऋत्य व वायव्य दिल्लीच्या मोठ्या भागात तर थोड्या खोलीवरच खारे पाणी लागते.

खारे पाणी आणि कठीण पाणी यांची गल्लत मात्र होऊ नये. खारटपणा मुख्यतः सोडियम क्लोराईडचा, तर कठीणपणा कॅल्शियम व मॅग्नेशियमचा असतो. दिल्लीच्या अनेक भागांत दोन्ही एकत्र नांदतात, हा भाग वेगळा. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याचा खारपाण पट्टा ठाऊक असतो. दिल्लीच्या भूजलाची कल्पना करण्यास ते उदाहरण उपयोगी पडते.

ही गोष्ट आजची नाही. जुन्या दिल्लीतील मसाल्यांच्या प्रसिद्ध बाजाराचे नाव 'खारी बावली' आहे, म्हणजे खाऱ्या पाण्याची पायविहीर. बावली नाहीशी झाली, पण नावाने पाण्याची चव जपून ठेवली. १८५७ नंतर मिर्झा गालिब यांनी लिहिलेल्या पत्रांतही शहरातील विहिरी खाऱ्या झाल्याची व्यथा आढळते. शाहजहानच्या काळात यमुनेचे पाणी कालव्याने शहरात आणले गेले, त्यामागे वैभवाची हौस जशी होती तशी गोड पाण्याची निकडही होती. दिल्लीने गोड पाण्यासाठी कायमच नदीकडे आणि कालव्याकडे पाहिले आहे.

आजची व्यवस्थाही त्याच तत्त्वावर उभी आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेले दिल्ली जल मंडळ वजिराबाद, चंद्रावल व हैदरपूर येथील केंद्रांत यमुनेचे, तर भागीरथी व सोनिया विहार येथील केंद्रांत वरच्या गंगा कालव्याचे पाणी शुद्ध करते. हिमालयातून येणारे हे पाणी मध्यम स्वरूपाचेच कठीण असते आणि त्याचा कठीणपणा बहुतांशी अस्थायी असतो. परंतु कालव्याचे पाणी सर्वांना व सर्वकाळ पुरत नाही. तूट भरून काढण्यासाठी जल मंडळाच्या कूपनलिका, गृहसंकुलांच्या खासगी कूपनलिका आणि टँकर यांचा आधार घेतला जातो. नोएडात गंगेचे पाणी व भूजल यांचे मिश्रण करून पुरवठा केला जातो. गुरुग्रामच्या नव्या वसाहतींत कालव्याच्या पाण्याला भूजलाची जोड दिली जाते. त्यामुळे एकाच महानगरात एका घरी साबण सहज फेसाळतो आणि दोन रस्ते ओलांडल्यावर फेसाळत नाही. एकाच घरात हिवाळ्यातील व उन्हाळ्यातील पाणीही निराळे असू शकते. 'दिल्लीचे पाणी' अशी एकच वस्तू अस्तित्वात नाही, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

मापनाशिवाय निदान नाही

पाण्याचा एकूण कठीणपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या परिमाणात, मिलिग्रॅम प्रतिलिटर असा सांगतात. सर्वसाधारण वर्गीकरणानुसार ६० पर्यंत मृदू, ६० ते १२० मध्यम कठीण, १२० ते १८० कठीण आणि १८० च्या पुढे अतिकठीण पाणी समजले जाते. भारतीय मानक ब्यूरोच्या आय.एस. १०५०० : २०१२ या मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा २०० आहे, दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ती ६०० पर्यंत अनुज्ञेय आहे. एकूण विरघळलेल्या घनपदार्थांसाठी, म्हणजे टी.डी.एस.साठी, याच मर्यादा अनुक्रमे ५०० व २००० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहेत. एकाच घटकाला दोन मर्यादा का, हा प्रश्न परीक्षेत विचारण्याजोगा आहे. पहिली मर्यादा इष्टतेची आहे, दुसरी अपरिहार्यतेची. नायट्रेटसारख्या घटकाला मात्र अशी सवलत नाही. त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर हीच अखेरची.

बाजारात मिळणारे पेनासारखे टी.डी.एस. मापक आता घरोघरी दिसते. ते प्रत्यक्षात पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि तीवरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. क्षार कॅल्शियमचा की सोडियमचा, हे त्याला कळत नाही. पाण्यात शिसे अथवा आर्सेनिक आहे का, जिवाणू आहेत का, हे तर मुळीच कळत नाही. ४०० चा आकडा दाखवणारे पाणी निर्धोक असू शकते आणि १०० चा आकडा दाखवणारे पाणी रोगकारक असू शकते. कठीणपणा मोजण्याची प्रमाणित पद्धत ई.डी.टी.ए. या संयुगाने केलेल्या अनुमापनाची आहे. त्यात दर्शकाचा वाइनसारखा लाल रंग निळा झाला की मोजणी पूर्ण होते. याच तत्त्वावरचे थेंब मोजण्याचे साधे संच घरीही वापरता येतात.

याउलट एका प्रात्यक्षिकापासून सावध राहणे हिताचे आहे. शुद्धीकरण यंत्र विकणारा माणूस नळाच्या पाण्यात लोखंडी कांड्यांचे उपकरण बुडवून वीज सोडतो. क्षणार्धात पाणी तपकिरी गढूळ होते आणि घरातील मंडळी हादरतात. तो गाळ पाण्यातला नसतो, कांडीचे लोखंड विरघळून तयार झालेला असतो. क्षारयुक्त पाण्यातून वीज वाहते म्हणून हे घडते. क्षारविरहित पाण्यातून ती जवळजवळ वाहत नाही म्हणून ते स्वच्छ राहते. या प्रयोगातून पाणी पिण्यायोग्य आहे की नाही, याविषयी काहीही सिद्ध होत नाही.

आरोग्य : समज आणि वास्तव

जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील कठीणपणासाठी आरोग्याच्या आधारावर कोणतीही मर्यादा सुचवलेली नाही. कॅल्शियम व मॅग्नेशियम ही शरीराला आवश्यक खनिजे आहेत आणि पाण्यातून ती काही प्रमाणात मिळतात. मॅग्नेशियमयुक्त पाणी व हृदयविकाराचे कमी प्रमाण यांचा संबंध काही पाहण्यांत आढळला आहे. तो कार्यकारणसंबंध असल्याचे मात्र निर्विवाद सिद्ध झालेले नाही. मूतखड्याविषयीही तसेच. कठीण पाण्याने मूतखडा होतो, ही समजूत सार्वत्रिक असली तरी तिला ठोस पुरावा नाही. मूतखड्याच्या संदर्भात पुरेसे पाणी पिणे हे अधिक निर्णायक ठरते, आणि दिल्लीच्या उन्हाळ्यात दिवसभर अभ्यासिकेत बसणारा विद्यार्थी नेमके तेच विसरतो.

त्वचा व केसांबाबत अनुभव खरा असतो, अनुमान चुकते. क्षार आणि साबणाचा साका यांचा थर बसल्याने केस राठ व निस्तेज होतात, त्वचा कोरडी पडते. परंतु कठीण पाण्याने कायमचे टक्कल पडते, असे सिद्ध झालेले नाही. इसब असलेल्या मुलांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित चाचणीत ३३६ मुलांचा समावेश होता. घरी पाणी मृदू करणारे यंत्र बसवूनही नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक लाभ दिसला नाही. लंडनचे पाणी खडूच्या खडकांच्या प्रदेशातून येत असल्याने अतिकठीण असते, तरीही ते तेथे थेट नळातून प्यायले जाते.

मग धोका कशाचा? फुटक्या वाहिनीतून शिरणाऱ्या सांडपाण्यातील जिवाणूंचा. खत व मैल्यातून भूजलात उतरणाऱ्या नायट्रेटचा, ज्याने तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. मर्यादेबाहेरच्या फ्लोराईडचा, ज्याने दात व हाडे बिघडतात. यांपैकी एकही पातेल्याला पांढरे पूट चढवत नाही. म्हणून ज्या घरात कूपनलिकेचे वा टँकरचे पाणी येते, तेथे प्रयोगशाळेतील तपासणी हा पहिला खर्च असावा, यंत्राची खरेदी हा दुसरा.

घरातील उपाय

कठीण पाण्यासोबत राहण्याचे सूत्र एकच : ज्या कामाला जसे पाणी लागते, तसेच आणि तेवढेच पाणी सुधारावे.

पिण्याचे व डाळीचे पाणी उकळून, निवू देऊन, तळाचा साका न हलवता वरचे ओतून घेतल्यास अस्थायी कठीणपणा बराच उतरतो आणि जिवाणूही मरतात. उकळण्याने नायट्रेट वा फ्लोराईड मात्र जात नाही. पाणी आटल्याने त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. तुरटीबाबतही गैरसमज आहे. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, कठीणपणा उतरत नाही.

कपड्यांसाठी धुण्याचा सोडा हा जुना व स्वस्त उपाय आहे. तो स्थायी कठीणपणाही दूर करतो, कारण कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने साक्यात बसते. पावडर वाढवत नेणे हा उपाय नव्हे. वाढीव अपमार्जक अखेरीस नाल्यांवाटे यमुनेत जाते. ओखल्याजवळ नदीवर तरंगणाऱ्या पांढऱ्या फेसाच्या कारणांत अपमार्जकांतील घटक व फॉस्फेट यांचा समावेश होतो. याच कारणास्तव जून २०२१ मध्ये दिल्लीत मानकांनुसार नसलेल्या साबण व अपमार्जकांच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली.

गिझरमध्ये प्रश्न खर्चाचा आहे. कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळते, म्हणून ते नेमके तापणाऱ्या कांडीवर बसते. थर जाड झाला की उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही आणि कांडी जळते. तापमान ५० ते ५५ अंशांच्या आसपास ठेवणे आणि वर्षातून एकदा टाकी साफ करून आतील मॅग्नेशियमची दांडी तपासून घेणे एवढ्याने गिझरचे आयुष्य वाढते. नळ, झारी व किटली यांवरील पूट व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्याने विरघळते. मात्र कोणतेही आम्ल विरंजक द्रावात मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. डोक्यावरून शेवटचे दोन तांबे उकळून निववलेल्या पाण्याचे घेतले, तरी केसांना पुष्कळ आराम पडतो.

संपूर्ण घराचे पाणी मृदू करणारी यंत्रे आयनविनिमयाच्या तत्त्वावर चालतात. त्यांतील राळ कॅल्शियम घेते आणि सोडियम देते. १ मिलिग्रॅम कठीणपणामागे सुमारे ०.४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येते. म्हणजे ४०० कठीणपणाचे पाणी पूर्ण मृदू केल्यास लिटरमागे सुमारे १८४ मिलिग्रॅम सोडियम वाढते. रक्तदाबाच्या रुग्णांनी असे पाणी पिण्यासाठी वापरण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. आंघोळ व धुणे यांसाठी ते उपयुक्त आहे. राळेच्या पुनरुज्जीवनानंतर मिठाचे द्रावण गटारात जाते, ही त्याची दुसरी किंमत.

व्यस्त परासरणाचा हिशेब

दिल्ली परिसरातील बहुसंख्य मध्यमवर्गीय घरांनी निवडलेले उत्तर मात्र आर.ओ., म्हणजे व्यस्त परासरण हे आहे. या तंत्राला व्यवहारात आणणारे पटल १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी तयार केले, ते समुद्राचे पाणी गोड करण्यासाठी. खाऱ्या भूजलासाठी किंवा फ्लोराईड व नायट्रेटसाठी हे तंत्र खरोखर उपयोगी आहे. प्रश्न ते सरसकट वापरण्याचा आहे.

घरगुती यंत्राची पुनर्प्राप्ती २५ टक्के असेल, तर १ लिटर शुद्ध पाण्यामागे ३ लिटर पाणी बाहेर टाकले जाते. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी रोज २० लिटर पाणी घेणारे कुटुंब ६० लिटर वाया घालवते. अशी १ लाख घरे धरली तर रोज ६० लाख लिटर पाणी गटारात जाते. महानगरासाठी दरडोई १५० लिटर हे प्रमाण मानल्यास तेवढ्यात ४० हजार लोकांची दिवसाची गरज भागली असती. पुनर्प्राप्ती ६० टक्क्यांवर गेली, तर २० लिटरमागे वाया जाणारे पाणी सुमारे १३ लिटरवर येते. तंत्र तेच, फरक मानकाचा व अंमलबजावणीचा आहे. वाया जाणारे पाणी लादी पुसण्यास व शौचालयात वापरता येते, परंतु फार थोड्या घरांत त्याची सोय केलेली असते. शिवाय या यंत्रात आधी क्लोरीन काढले जाते. त्यामुळे साठवलेल्या शुद्ध पाण्यात जिवाणूंची वाढ रोखणारे काही उरत नाही आणि टाकीची स्वच्छता अनिवार्य ठरते.

राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये, ज्या पाण्याचा टी.डी.एस. ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहे तेथे आर.ओ. यंत्रांना मनाई करावी आणि अन्यत्र किमान ६० टक्के पुनर्प्राप्ती बंधनकारक करावी, असे निर्देश केंद्र सरकारला दिले. त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये नियमांचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पर्यावरण, वने व हवामान बदल मंत्रालयाने जलशुद्धीकरण यंत्रणांच्या वापराचे नियमन करणारे नियम अधिसूचित केले. नियमांचे यश शेवटी एका गोष्टीवर अवलंबून आहे : नळाच्या पाण्यावर नागरिकाचा विश्वास आहे की नाही.

विश्वास : सार्वजनिक पुरवठ्याचा खरा कस

नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने २१ शहरांतील नळाच्या पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुंबईचे सर्व १० नमुने मानकांवर उतरले. दिल्लीचे सर्व ११ नमुने कोणत्या ना कोणत्या निकषावर अपुरे ठरले. दिल्लीच्या तत्कालीन शासनाने व जल मंडळाने या निष्कर्षांना आक्षेप घेतला. वाद कोणी जिंकला यापेक्षा त्याचा परिणाम महत्त्वाचा होता. नळाचे पाणी प्यावे की नाही, याचे सर्वमान्य उत्तर नागरिकाला मिळाले नाही, आणि ज्याला परवडले त्याने यंत्र विकत घेतले. ज्याला परवडत नाही, तो टँकरच्या रांगेत उभा राहतो किंवा बाटलीबंद जार विकत घेतो. सार्वजनिक सेवेवरील अविश्वासाचा भार असा गरिबावर अधिक पडतो. घरमालकाच्या कूपनलिकेवर अवलंबून असलेला भाडेकरू विद्यार्थीही याच गटात मोडतो.

या प्रश्नाची घटनात्मक चौकटही समजून घ्यावी. पाणी हा राज्य सूचीतील १७ व्या नोंदीचा विषय आहे. आंतरराज्यीय नद्यांचे नियमन संघ सूचीच्या ५६ व्या नोंदीत, तर पाणीतंट्यांचा निवाडा अनुच्छेद २६२ मध्ये येतो. दिल्लीला स्वतःचे धरण नाही. १२ मे १९९४ च्या यमुना करारानुसार तिचा वार्षिक वाटा ०.७२४ अब्ज घनमीटर इतका आहे. त्यापलीकडची गरज अंशतः भूजलातून भागवली जाते, आणि २०२३ च्या मूल्यांकनानुसार दिल्लीतील भूजल उपसा वार्षिक उपलब्धतेच्या जवळपास १०० टक्क्यांवर पोहोचला आहे. गोड पाण्याचा थर उपसला गेला की खालचे खारे पाणी वर सरकते. म्हणजे आजचा अतिरेकी उपसा उद्याचे अधिक खारे, अधिक कठीण पाणी निर्माण करतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात प्रदूषणमुक्त पाण्याचा हक्क अनुच्छेद २१ च्या कक्षेत आणला. कठीणपणा म्हणजे प्रदूषण नव्हे. परंतु पाणी सुरक्षित आहे की नाही, हे जाणण्याचा हक्क त्या हक्काचाच भाग मानावा लागेल.

नगराच्या पातळीवरील उपाय घरगुती यंत्रापेक्षा स्वस्त व न्याय्य आहेत. ६०० कठीणपणाचे भूजल आणि १५० कठीणपणाचे कालव्याचे पाणी समप्रमाणात मिसळल्यास ३७५ कठीणपणाचे पाणी मिळते. कालव्याचे पाणी दुप्पट घेतल्यास ३०० चे. पावसाचे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते, म्हणून पर्जन्यजल पुनर्भरणाने भूजलाचे प्रमाण व गुणवत्ता दोन्ही सुधारतात. दिल्लीत मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना ते २००१ पासून बंधनकारक आहे. पुरवठा अखंड दाबाने झाला, तर वाहिनीत बाहेरचे सांडपाणी शिरण्याचा धोका घटतो. प्रत्येक विभागातील पाण्याचा कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराईड व जिवाणूंची तपासणी नियमितपणे, साध्या भाषेत, देयकावर छापली गेली, तर यंत्र घ्यावे की नाही हे नागरिक स्वतः ठरवू शकेल. ओडिशातील पुरी शहराने जुलै २०२१ मध्ये थेट नळातून पिण्याजोगे पाणी चोवीस तास देण्यास आरंभ केला, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'अमृत २.०' अभियानानेही हे उद्दिष्ट स्वीकारले. अशा शहरात शुद्धता विकत घ्यावी लागत नाही.

समारोप

राजेंद्र नगरातील त्या खोलीकडे पुन्हा वळल्यास तेथील विद्यार्थ्याला तीन गोष्टी लगेच करता येतात. आपल्या नळाचे पाणी कालव्याचे की कूपनलिकेचे, याची घरमालकाकडे चौकशी करणे. शेजारच्या चार-पाच खोल्यांनी वर्गणी काढून एक नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेणे. आणि अहवाल हाती आल्यावरच उकळणे पुरेल की यंत्र लागेल, हे ठरवणे. हाच विद्यार्थी उद्या एखाद्या जिल्ह्याचा अधिकारी झाला, तर हीच तीन पावले त्याला मोठ्या प्रमाणावर टाकावी लागतील : स्रोत ओळखणे, मोजणे आणि मगच खर्च करणे.

पातेल्यातील पांढरे पूट हा शत्रू नाही. दिल्लीच्या मातीने लिहिलेला तो एक साधा अहवाल आहे. तो वाचता आला पाहिजे. मात्र ज्या धोक्यांचा अहवाल पातेले देत नाही, तो देण्याची जबाबदारी शासनसंस्थेची आहे आणि तो मागण्याची जबाबदारी नागरिकाची आहे.